सासूबाईंचं शिडको आणि आपलं नाशिक

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांचं पत्र वाचलं. मथळा होता 'भाषा नासवू नका', आणि त्यात त्यांनी लिहिलंय की आजूबाजूच्या तालुक्यांतून लोक शहरात राहायला आले आणि त्यांनी इथली मराठी बिघडवली, पोरांना न आणि ण मधला फरक कळत नाही, ल आणि ळ कळत नाही, श आणि ष चा तर पत्ताच नाही, शाळांनी आता कडक व्हायला पाहिजे वगैरे वगैरे. खाली सही आणि सहीखाली गावाचं नाव, नाशिक.

मी आधी चिडले, मग दुसऱ्यांदा वाचताना हसायला लागले, कारण ज्या प्रकारच्या चुकीवर ते एवढे तावातावानं लिहितायत तसलीच एक चूक (चूक म्हणायची असेल तर) त्यांनी सहीखाली स्वतःच्या हातानं लिहून ठेवलीये. कशी ते सांगते, जरा लांबण लागेल, पण जमलं तर पूर्ण छापा.

माझ्या सासूबाई निफाडकडच्या. आम्ही नाशिकच्या सिडको वसाहतीत घर घेतलं तेव्हा त्या आमच्याकडे राहायला आल्या आणि शेवटपर्यंत त्यांच्या तोंडी 'शिडको' हेच होतं. सिमेंटला शिमिट, सिगारेटला शिग्रेट, सिग्नलला शिंगल, सिन्नरला शिन्नर. घरात पोरं हसायची, पाहुणे हसायचे, मुद्दाम त्यांना "आजी, तुम्ही कुठं राहता?" विचारायचे आणि त्या बिचाऱ्या दर वेळी शिडको म्हणायच्या. मीपण हसायचे. आता ते आठवलं की लाज वाटते, कारण त्या घरात नियमानं बोलणारं एकटं माणूस कोण असेल तर त्याच होत्या.

तुम्हीच करून बघा, पेपर बाजूला ठेवून. नुसता 'स्' म्हणा, स्वर न लावता, सापासारखा. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागं गेलं ना? आता 'ई' म्हणा. जिभेचा मधला भाग वर टाळूकडे चढतो. आता 'श्' म्हणा, आणि बघा जीभ कुठंय. टाळूच्या जवळ, म्हणजे ई च्या घराशेजारीच. मग स च्या लगेच पुढं इ किंवा ई येणार असेल तर जीभ काय करते, पुढच्या स्टॉपची तयारी आधीच करून ठेवते, निमाणीला उतरायचं असलं की आपण आधीच दाराशी जाऊन उभे राहतो तसं. स म्हणता म्हणताच ती टाळूकडे सरकते आणि स चा श होतो. याला भाषाशास्त्रात तालव्यीकरण म्हणतात, नाव अवघड आहे पण काम रोजचंय.

आणि मराठीत हे किती ठिकाणी होतं ते मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. कसा पण कशी, तसा पण तशी, असा पण अशी. एक म्हैस पण दोन म्हशी. ससा पण सशाला, आरसा पण आरशात, घसा पण घशात, पैसा पण पैशाला. मिसळ खायला बसल्यावर आपण रस्सा मागतो आणि पाव मात्र रश्श्यात बुडवतो. आता कुणी म्हणेल की सशाला, घशात यात इ कुठंय? इ नाही पण य होता. घोडा शब्दाला ला लावताना घोड्याला होतं ना, तसं ससा चं सस्याला व्हायला पाहिजे, तो मधला य पण टाळूवरचाच, त्यानं स चा श केला आणि स्वतः त्यात विरघळून गेला. माणूस चं माणसाला होतं, तिथं य नाही म्हणून स जागच्या जागी. आणि 'दर माणशी शंभर रुपये' म्हणलं की ई आली, लगेच श. इतकं पक्कं गणित आहे हे आणि कुणी शाळेत शिकवलेलं नाही, आईच्या मांडीवरच आलेलं.

ज्यूल ब्लॉक नावाच्या एका फ्रेंच विद्वानानं शंभरेक वर्षांपूर्वी मराठी कशी घडली यावर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात हे सगळं तपशिलात आहे. गंमत अशी की प्राकृतात आपल्या भागात संस्कृतचे तिन्ही, म्हणजे श, ष, स, एकत्र होऊन नुसता स उरला होता. संस्कृत शर्करा, तिची झाली साखर. श्वश्रू ची झाली सासू (म्हणजे सासू हा शब्दच बिघडलेला आहे, आता काय करायचं!). मग मराठीनं त्या एकट्या स पासून पुन्हा श तयार केला, पण फक्त जिथं पुढं इ, ए, य होते तिथं. सीमा ची शीव झाली, मुंबईला शीव स्टेशन आहे ते हेच. हिंदीवाले कपडा सीतात, आपण शिवतो. शृंग चं प्राकृतात सिंग झालं आणि मराठीत पुन्हा शिंग, म्हणजे तो श घरातून निघून गावभर फिरून परत आलाय, बघणाऱ्याला वाटतं घरातच होता.

तर आता नाशिक. पांडवलेण्यात १८ नंबरचं लेणं आहे, चैत्यगृह, तिथं दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत एक छोटासा लेख कोरलाय, 'नासिककनं धंभिकगामस दानं', म्हणजे नासिकच्या लोकांपैकी धंभिक गावाची देणगी. दोन हजार वर्षांच्या आसपासची गोष्ट. तिथं स आहे, ठसठशीत. हिंदी बोलणारे आजही नासिकच म्हणतात. मधे मराठी लोकांच्या तोंडी तो स इ च्या शेजारी बसून बसून श झाला, बरोब्बर सासूबाईंच्या शिडकोसारखा. नाव शूर्पणखेच्या नासिकेवरून पडलं की नऊ शिखरांवरून हा वाद वेगळा, त्यात मी पडत नाही, पण नासिक चं नाशिक का झालं याचं उत्तर म्हैस आणि म्हशीत आहे. फरक एवढाच की नासिक चं नाशिक सगळ्या गावानं केलं म्हणून ते बोर्डावर चढलं, सरकारी कागदावर गेलं, आणि सिडको चं शिडको एका म्हातारीनं केलं म्हणून ती अडाणी.

अजून एक बघा. गावाकडची जुनी माणसं नाशिकला गेलो म्हणत नाहीत, 'नाशकाला गेलो', 'नाशकात पाऊस हाये' म्हणतात. हरीण चं हरणाला, माणूस चं माणसाला, तसंच नाशिक चं नाशकाला, मधला स्वर गळतो. पण गळालेला तो इ च तर होता ज्याच्यामुळं स चा श झाला! तो गेला तरी श तिथंच बसून राहिला. पाहुणा ज्याच्या ओळखीनं आला तो निघून गेला तरी पाहुणा मुक्कामाला, असं झालं. मला तर वाटतं नाशकात हा एक शब्द घेऊन एखादे सर वर्गात अख्खा तास काढू शकतात.

मी स्वतः काही प्राध्यापक वगैरे नाही. पोस्टात काउंटरवर २८ वर्षं काढली, सगळ्या तालुक्यांची माणसं यायची, पेठची, सुरगाण्याची, चांदवडची, मालेगावची, आणि एकच शब्द दहा प्रकारे कानावर पडायचा, तिथून हा किडा लागला. रिटायर झाल्यावर वाचनालयात बसून भाषाशास्त्राची पुस्तकं वाचली, निम्मी कळली. पण एक गोष्ट पक्की कळली की आपण अक्षर आणि ध्वनी यांची खिचडी करतो. क हे अक्षर एक, पण त्यात ध्वनी दोन, क् आणि अ. स्त्री हे अक्षर एक, त्यात चार ध्वनी. राम लिहिताना म पूर्ण आहे पण बोलताना आपण शेवटचा अ म्हणतच नाही, राम् असंच म्हणतो. आणि उलट, एकच अक्षर दोन ध्वनींना वापरतो. चोर, चूल, चटणी, चुना यातला च दातांजवळचा, जवळजवळ त्स. चिंच, चेंडू, चहा, चंद्र यातला च टाळूवरचा. लिहायला एकच च, आणि परप्रांतातून आलेल्या नवीन माणसाला हे कळता कळत नाही. आमच्या सोसायटीत एक तेलुगू कुटुंब आहे, त्या ताई मराठी वाचून शिकल्या, मला विचारतात की "जग सुंदर आहे" आणि "तू जग" यात ज वेगळा का ऐकू येतो. मी म्हणलं ताई, कारण ते दोन वेगळे ज आहेत, आम्हालाच माहीत नव्हतं तुम्ही विचारेपर्यंत. चार आंबे मधला चार आणि गुरांना चारा चार मधला चार, तेच.

आणि इथंपण टाळूचाच खेळ. माझा म्हणताना झ दाताजवळ, माझी म्हणताना टाळूवर. चमचा म्हणताना दोन्ही च दाताजवळ, आणि चमचे म्हणलं की शेवटचा च टाळूवर उडी मारतो. कसा-कशी, माझा-माझी, चमचा-चमचे, नासिक-नाशिक, एकाच घरातली भावंडं सगळी. (आता कुणीतरी लिहिणार की मग कसे, तसे, पैसे यात ए असून स कसा राहिला. बरोबर आहे, लिहिताना राहिलाय. पण बसस्टॉपवर उभं राहून ऐका, निम्मे लोक कशे आणि पैशे म्हणतात.)

मुळात वर्णमाला ज्यांनी कुणी लावली त्यांना हे सगळं माहीत होतं. क ख ग घ ङ घशाकडून सुरू, मग टाळू, मग मूर्धा (टाळूचा वरचा घुमट, जीभ वळवून लावतो तो), मग दात, आणि शेवटी प फ ब भ म ओठांवर. पाच गुणिले पाच, २५ व्यंजनं, मागून पुढं तोंडाचा नकाशाच काढलाय. आडव्या ओळीतपण हिशोब आहे, दुसरा आणि चौथा महाप्राण, म्हणजे हवेचा झोत सोडून म्हणायचे. तोंडासमोर पातळ कागद धरून ताट म्हणा आणि मग थाट म्हणा, थाट ला कागद हलतो. इंग्रजीत मात्र पिन म्हणताना पण ते लोक कागद हलवतात आणि स्पिन म्हणताना नाही हलवत, पण त्यांना ते जाणवतच नाही, कारण त्यांच्याकडं हवेच्या त्या झोतानं शब्दाचा अर्थ बदलत नाही. आपल्याकडं बदलतो, कार आणि खार, गर आणि घर. ज्या फरकानं अर्थ बदलतो तो फरक त्या भाषेत मोजायचा, त्याला स्वनिम म्हणतात, आणि ज्यानं बदलत नाही तो नुसता उच्चारातला रंग, स्वनांतर. अख्ख्या विषयाचा पाया म्हणाल तर हा.

आता हे न-ण च्या तक्रारीला लावा. प्रमाण मराठीत मन वेगळं आणि मण वेगळा, काल वेगळा आणि काळ वेगळा, वेल वेगळा आणि वेळ वेगळी, म्हणून तिथं न-ण आणि ल-ळ हे वेगळे स्वनिम, यात वादच नाही. पण ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पानी, कोन असंच बोललं जातं तिथं ण हा वेगळा मोजलाच जात नाही. त्या पोराच्या कानाला तो फरक ऐकायची सवयच नाही, यात आळस नाही की उद्धटपणा नाही.

पटत नसेल तर स्वतःवर प्रयोग करा. आपलं नाशिक वाईनसाठी प्रसिद्ध, वाईन कॅपिटल म्हणून मिरवतो आपण. इंग्रजीत त्या दारूला एक शब्द (wine) आणि द्राक्षाच्या वेलाला दुसरा शब्द (vine), दोन्हीत फरक फक्त पहिल्या ध्वनीचा, एकात ओठांचा चंबू करायचा आणि दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला लावायचे. आपण दोन्हीला वाईनच म्हणतो, कारण आपल्याकडं व एकच. द्राक्षाच्या गावात राहून आपल्याला वेल आणि वारुणी यातला फरक बोलता येत नाही, म्हणून कुणी गोऱ्या माणसानं आपल्याला अडाणी म्हणलं तर चालेल का?

आणि ष चं काय ते बोलू. गृहस्थ लिहितात श आणि ष चा फरक कळत नाही. मी त्यांना विनंती करते की त्यांनी भाषा, विशेष, षटकार हे शब्द मोठ्यानं म्हणून मोबाईलवर रेकॉर्ड करावेत आणि ऐकावेत. कष्ट, कृष्ण मधे पुढं ट, ण असल्यानं जीभ आपोआप मागं वळते ते सोडा, पण भाषा मधे? शंभरातले नव्वद पंच्याण्णव सुशिक्षित मराठी लोक भाशा म्हणतात, मीपण म्हणते, तुम्हीपण म्हणत असाल. ऋषी ला आपण रुशी म्हणतो आणि हिंदीवाले रिशी म्हणतात, ज्ञान ला आपण द्न्यान आणि ते ग्यान, आणि दोघंही एकमेकांना हसतात. म्हणजे जो फरक आपल्या तोंडातून गेला तो गेला तर चालतो आणि खेड्यातल्या पोराच्या तोंडातून गेला की भाषा नासली. फळ ला कितीतरी शहरी मुलं दात ओठाला लावून इंग्रजी फोन मधला फ वापरतात, त्याबद्दल पण कुणी पत्र लिहीत नाही.

माझं माहेर सटाण्याचं. घरात अहिराणी. आमच्याकडं ळ चा य होतो, डोळा चा डोया, काळा चा काया, शाळा ची शाया. मला म्हणायचं तर माले, तुला म्हणायचं तर तुले. बागलाण, देवळा, कळवण, मालेगाव, सगळीकडं हे ऐकायला मिळेल, आणि ळ चा य तर तिकडं वऱ्हाडातपण होतो, म्हणजे चुकलं म्हणायचं तर इतकी सगळी माणसं एकच चूक करतायत! ग्रिअर्सन साहेबानं भारतातल्या भाषांची पाहणी केली तेव्हा १९०७ च्या खंडात खानदेशीला, म्हणजे आमच्या अहिराणीलाच, मराठीबरोबर न ठेवता भिली भाषांच्या शेजारी बसवलं, त्यावर अजून वाद चालतात, पण निदान त्यानं बिघडलेली मराठी म्हणून कचऱ्यात नाही टाकली. मी शाळेत प्रमाण मराठी शिकले, शिकायलाच पाहिजे, त्याशिवाय पोस्टात नोकरी मिळाली नसती. पण ती दुसरी भाषा म्हणून शिकले तेव्हा पटकन आली, आणि जोवर बाई 'तुझं चुकतंय, तुझ्या घरच्यांचं चुकतंय' म्हणत होत्या तोवर नाही आली.

शब्दांचंही असंच आहे, त्यावर थोडं लिहिते. गृहस्थांच्या पत्रात परके शब्द काढून टाका असाही सल्ला आहे, आणि त्याच पत्रात 'गैरसमज' दोनदा आलाय. त्यातला गैर अरबीतून फारसीच्या वाटेनं आलाय, समज आपला. भांडखोर मधलं भांडण आपलं, खोर फारसी. बेभान मधला बे फारसी आणि भान संस्कृत, आणि तरी कुणाला तो शब्द जोडलेला वाटत नाही, इतका एकजीव झालाय. शब्दाचे असे छोटे छोटे तुकडे, ज्यांचे आणखी तुकडे केले तर अर्थच उरत नाही, त्यांना रूपिम म्हणतात. मराठी म्हणजे या तुकड्यांची आगगाडी. 'नाशिककरांसारख्यांनासुद्धा' हा एकच शब्द घ्या, नाशिक हे इंजिन, मग कर, मग अनेकवचनाचा डबा, मग सारखा, त्याचं पुन्हा अनेकवचन, मग ना, मग सुद्धा, आणि डब्यांचा क्रम एकही इकडचा तिकडं करता येत नाही. आणि गंमत बघा, पांडवलेण्यातल्या त्या लेखात नासिककनं आहे, त्यातसुद्धा नासिक ला शेवटी क लावून नासिकचे रहिवासी असा अर्थ केलाय आणि पुढं नं लावून 'लोकांचं' असं केलंय. आपण कर लावतो, त्यांनी क लावला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाशिककरानं डबे जोडायची रीत तीच ठेवलेली.

नवीन शब्द आला तरी आपण त्याला ताबडतोब आपले डबे लावतो. बॅग-बॅगा, फाईल-फायली, कंपनी-कंपन्या. हे कोण ठरवतं? बॅगी का नाही म्हणत आपण? कुणी मीटिंग घेतली नव्हती. भिंत-भिंती, वाट-वाटा, नदी-नद्या हे तीन साचे आपल्या डोक्यात तयार असतात आणि नवीन पाहुणी आली की तिला त्यातल्या एकात बसवतो.

अमेरिकेत जीन बर्को नावाच्या बाईंनी १९५८ साली एक छान प्रयोग केला होता, लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याचं नाव सांगितलं वग, मग दोन प्राणी दाखवून विचारलं आता काय आहेत, तर मुलांनी बरोबर अनेकवचन करून सांगितलं, जो शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता त्याचं. म्हणजे मुलं शब्द नुसते पाठ करत नाहीत, नियम काढतात. मी म्हणलं आपण मराठीत करून बघू. गणपतीत सोसायटीतल्या सहा पोरांना एक विचित्र प्राणी काढून दाखवला, म्हणलं हा टोमसा. दोन काढले तर सगळे ओरडले, टोमसे! मग विचारलं, याला तहान लागलीये, कोणाला पाणी द्यायचं? चौघं म्हणाले 'टोमशाला'. टोमशाला! माझ्या अंगावर काटा आला, खरं सांगते, कारण टोमसा हा शब्द मी आदल्या रात्री भांडी घासताना बनवलेला, आणि या पोरांनी त्यात य घालून, स चा श करून, य गाळून दाखवला, दोन सेकंदात. उरलेल्या दोघांपैकी एक टोमसाला म्हणाला, त्याला ते प्राण्याचं पाळीव नाव वाटलं असेल, राजाला म्हणतो तसं. आणि सगळ्यात छोटी होती ती म्हणाली मला पण पाणी पाहिजे.

त्याच सगळ्यात छोटीची, माझ्या नातीची, आणखी एक. ती म्हणते 'आजी मी चित्र करलं', 'बाबा येला'. तिची आई लगेच दुरुस्त करते, केलं म्हण, आला म्हण. मी सुनेला म्हणते थांब गं जरा, बसलं, हसलं, धरलं, भरलं असताना करलं हेच तर सरळ आहे, वाकडं आपलं केलं आहे, तिनं नियम शोधलाय, अपवाद काय, पुढच्या वर्षी येईल आपोआप. आणि येतोच.

आता हे पत्र लिहायला बसण्याचं खरं कारण सांगते. आमच्या खालच्या मजल्यावर दिंडोरीकडचं एक कुटुंब आहे, त्यांचा मुलगा पाचवीत. एका वक्तृत्व स्पर्धेत, कुठली ते लिहीत नाही, गोदावरीच्या प्रदूषणावर बोलला, स्वतः घाटावर जाऊन बघून आलेला, मुद्दे इतके चांगले की मी टाळ्या वाजवल्या. तीन ठिकाणी 'पानी' म्हणाला. परीक्षकांनी निकालाच्या वेळी माईकवरून त्याच्या पानी ची नक्कल केली, सगळा हॉल हसला. त्यानंतर ते पोरगं वर्गात हात वर करत नाही असं त्याची आई सांगत होती. आणि त्याच आठवड्यात तुमच्याकडं ते पत्र, तेही चौकटीत. साहेब, प्रमाण उच्चाराला गुण असतील तर ठेवा, पण स्पर्धेच्या माहितीपत्रकात आधी लिहा की बाबांनो प्रमाण मराठीत बोलायचंय, पाणी असं म्हणायचंय, आणि ज्याला सवय नाही त्याला महिनाभर आधी सराव द्या. गाण्याच्या स्पर्धेत राग आधी सांगतात ना.

त्या मुलाला मी सध्या संध्याकाळी बोलावते. कागद धरून थाट म्हणतो, आरशात जीभ बघतो, ण साठी जीभ कशी वळवायची ते त्याला दोन दिवसात जमलं, आता तो मुद्दाम 'पाणी' आणि 'पानी' आलटून पालटून म्हणून मला विचारतो की आत्ता कुठलं म्हणलो. घरी पानीच म्हणतो. बरोबरच आहे.

त्या गृहस्थांचा पत्ता माझ्याकडं नाही, तुमच्याकडं असेल तर निरोप द्या की एकदा चहाला या. सिडकोत कुणालाही विचारा, पोस्टातल्या मावशी म्हणलं की घर दाखवतील.

आपली,
एक जुनी वाचक, शिडको, नाशिक

ता. क. : मागं एकदा मी पाठवलेल्या पत्रात तुमच्याकडच्या कुणीतरी सगळीकडं 'म्हणलं' चं 'म्हटलं' करून टाकलं होतं, आणि माझी जाऊ विचारत होती की पत्र तुम्हीच लिहिलं का. या वेळी तेवढं तसंच राहू द्या. आणि सहीतलं शिडको छपाईची चूक नाही.